तुझा शब्द कुणाला, दादा?

हॅगूड
९ जानेवारी

दादा,

पाटी निघणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

आपल्या चर्चचा डीकन हायवर्ड काल संध्याकाळी आला होता. टोपी हातात धरून पायरीवर उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाला, "अर्नेस्टीन, थॅडचा राजधानीतून फोन होता. तुझ्या अंगणातली ती निवडणुकीची पाटी लोकांच्या डोळ्यांवर येते म्हणे. हमरस्त्यावरचं घर, त्यात आमदाराच्या बहिणीचं. लोक विचारतात."

"मग उत्तर दे की लोकांना."

"काय उत्तर देऊ?"

"सांग, बहिणीलाही डोकं आहे."

बिचारा हसला, आणि हसलो हे तुझ्या कानावर जाईल म्हणून लगेच गप्प झाला. त्याला कॉर्नब्रेड बांधून दिला. त्याचा काय दोष?

माझ्या नवऱ्याच्या, लेम्युएलच्या दफनाला तू आलास, पहिल्या रांगेत बसलास आणि जेवणं व्हायच्या आत गाडीत बसून गेलास. त्याला तीन वर्षं झाली. मी फोन केले, तू उचलले नाहीस. मग मीही नाद सोडला. आणि आता एका पाटीसाठी तुला माझी आठवण झाली. पत्र लिहिते आहे, कारण आलेलं पाकीट न फोडता ठेवणं तुला जन्मात जमलेलं नाही.

तुम्ही वरची मंडळी मार्गिट हॉल्वर्सनला 'दूधवाली' म्हणता, हे मला ठाऊक आहे. आहेच ती दूधवाली. मिनेसोटातल्या शेतकऱ्यांची दूधसंस्था चालवते, साधी नगरसेवकसुद्धा कधी झाली नाही, आणि निघाली राष्ट्राध्यक्ष व्हायला. हसायला आलं तर मी समजू शकते. मलाही आलं होतं.

ऑक्टोबरात ती इथे आली तेव्हा तिला कुणी सभागृह दिलं नाही. का दिलं नाही ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मग ती आपल्या बंद पडलेल्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. शाळेची मुलं सोडून मी तिथून रिकामी बस घेऊन चालले होते. दहा-बारा माणसं दिसली, म्हणून थांबले. म्हटलं बघू तरी, ही गोरी बाई कुलूप लावलेल्या दारासमोर काय विकतेय.

तिने भाषण केलंच नाही. आधी विचारलं, "आता जवळचं हॉस्पिटल कुठे?"

कुणीतरी सांगितलं, "नदीपलीकडे. तासाभरावर."

"आणि मध्ये तो बोटींसाठी उघडणारा पूल आहे, त्याचं काय?"

दादा, हे दार बंद झाल्यापासून किती पुढारी आपल्या चर्चमध्ये येऊन आमेन म्हणून गेले. पुलाचं एकानेही विचारलं नव्हतं. मग माणसं बोलायला लागली आणि ती उभी राहून ऐकत राहिली. तिच्या गावचं हॉस्पिटलही असंच बंद पडायला आलं होतं. दूधसंस्थेच्या लोकांनी ते चालवायला घेतलं आणि आजही चालवतात. निघताना मी तिच्याकडून ती पाटी मागून घेतली.

पक्षाच्या उमेदवारीसाठी तिच्याविरुद्ध उभा असलेला तो दुसऱ्या राज्याचा गव्हर्नर, ऑल्डरिज, वाईट माणूस नसेल. सगळे खासदार, सगळे महापौर त्याच्या मागे रांगेत उभे आहेत. मतदानाच्या आधीच्या रविवारी तूही दर वेळेसारखा चर्चमध्ये उभा राहशील, नाव घेशील, आणि ते नाव छापलेली तुझी गुलाबी कार्डं घरोघर जातील. तुझा शब्द तू हवा त्याला दे. अंगण माझं आहे.

टीन

ता. क. गुडघा कसा आहे?


हॅगूड
२४ जानेवारी

दादा,

उत्तर येईल असं मी धरलंच नव्हतं.

पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान एकेका राज्यात सुरू झालं, आणि उत्तरेकडच्या थंडीतल्या राज्यात मार्गिट दुसरी आली. थोडक्यात पहिली हुकली. आता टीव्हीवाल्यांना तिचं नाव नीट उच्चारायला शिकावं लागतंय. पण सगळे एकच सांगतात, की आपल्या राज्यात ही बाई बुडणार. इथे तिला कोण ओळखतं? इथल्या चर्चमध्ये ती टाळीसुद्धा चुकीच्या ठेक्यावर वाजवते. (खरं आहे. मी तिच्या शेजारी उभी होते. माझ्या हातांचाही ठेका चुकला.)

बसची फेरी संपली की मी तिच्यासाठी दारोदार जाते. तुला आनंद होईल असं एक सांगते. प्रत्येक दारात मला एकच प्रश्न विचारतात, "थॅड काय म्हणतो?" न्हाव्याच्या दुकानात तेच, कोळंबीच्या धक्क्यावर तेच. मी हॉस्पिटलचं सांगते, पुलाचं सांगते, लोक माना डोलावतात, "खरं आहे गं टीन" म्हणतात, आणि शेवटी, "पण थॅड काय म्हणतो?"

परवा मिस आर्डेलियाच्या ओसरीवर माझा तोल सुटला. म्हटलं, "मिस आर्डेलिया, आख्ख्या गावाला वाचायला तुम्ही शिकवलंत. मला शिकवलंत, त्यालाही शिकवलंत. तुम्हाला कशाला हवं त्याचं कार्ड?"

तिने चष्मा काढून तिच्या त्या जाळीच्या शालीला पुसला. म्हणाली, "बस खाली. कोर्टाच्या पायऱ्यांवर आम्ही काळी माणसं मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलो, तेव्हा तू फ्रॉकमध्ये होतीस. दोन्ही बाजूंना गोरी माणसं उभी होती आणि ती आपलं स्वागत करायला आली नव्हती. तुझा भाऊ तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा. सगळ्यांत पुढे तो चालला. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, हा सांगेल त्यावर मी भरवसा ठेवीन. हे सगळे उमेदवार टीव्हीवर गोड हसतात, टीन. त्यातला कोण खरा, हे मी कशावरून ओळखू? म्हणून ज्याला ओळखते त्याला विचारते. यात मूर्खपणा कसला?"

तिचं म्हणणं मनात घोळवतच मी घरी आले, दादा. अजून घोळवते आहे.

आता दुसरी गोष्ट. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी. मार्गिटच्या प्रचाराचं इथलं काम पॅट्रिस नावाची बाई बघते. अटलांटाची आहे, बोलायला चटपटीत. रविवारी जेवणानंतर तिने फोन बाजूला ठेवला आणि मला म्हणाली, "मिस अर्नेस्टीन, तुमच्या भावाचा पाठिंबा आणाल?"

मार्गिट माझ्याच टेबलापाशी भेंडीचं सूप पीत बसली होती. मी तिच्याकडे वळले. "तू तर गावोगाव सांगत फिरतेस, मला बड्या लोकांची गरज नाही. टाळ्या घेतेस त्यावर."

तिचे कान लाल झाले. गोऱ्या माणसाला लपवता येत नाही.

"घेते," म्हणाली.

"मग?"

"मग काय, उत्तरेत ते चाललं. तिथे लोक मला माझ्या बोलण्यावरून ओळखतात, मी त्यांच्यातली आहे. इथे मी कोण? इथे मला ओळखणारं कुणी उभं राहिलं नाही, तर लोकांनी माझ्यावर का विश्वास ठेवावा? मी ठेवला नसता."

मला राग आला, कारण ती मिस आर्डेलियाचंच बोलत होती. भांडी जोरात घासली. मग म्हटलं, "भावापुढे हात पसरायला मी जाणार नाही. तुम्हाला जायचं तर जा. त्याचा नंबर देते. तुमचा फोन उचलेल तो."

तेव्हा त्या येतील तुझ्याकडे. मी त्यांना अडवलं नाही आणि त्यांची वकिलीही करत नाही. मात्र एक कळवते. मतदानाआधीच्या रविवारी पास्टरनी मलाही चर्चमध्ये दोन शब्द बोलायला सांगितलंय, हॉस्पिटलवर. मी हो म्हटलंय.

टीन


हॅगूड
६ फेब्रुवारी

दादा,

तुझी अट मला कळली. पॅट्रिसने माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला, पण मार्गिट स्वतः गाडी चालवत आली आणि दारातच तिने सगळं सांगून टाकलं.

ऑल्डरिजच्या माणसांनी राजधानीतल्या मोठ्या सभेत तुला व्यासपीठावर खुर्ची ठेवली नाही. "आमदारसाहेब आपलेच आहेत" म्हणून गृहीत धरलं. तुला झोंबलं ते मला समजतं. मलाही झोंबलं असतं. म्हणून तू मार्गिटला पाठिंबा द्यायला तयार आहेस. कार्डावर तिचं नाव, चर्चमध्ये तिच्या खांद्यावर हात, शेजारच्या जिल्ह्यांतल्या तुझ्या मित्रांनाही फोन. पॅट्रिस म्हणते, एवढ्याने राज्य फिरू शकतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे.

आणि बदल्यात काय? तुझ्या बहिणीने त्या रविवारी बोलायचं नाही. हॉस्पिटलबद्दल एक अक्षर नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

मार्गिटने मला विचारलं, "असं का मागतोय तो? गावात तर सगळे म्हणतात, हॉस्पिटलसाठी तो लढला."

मी तिला सांगितलं नाही, दादा. मी म्हटलं, "ते आमच्या घरातलं आहे. तू घे त्याचा पाठिंबा. मी गप्प बसेन."

हो, असंच म्हणाले. चार वर्षं मूग गिळून बसलेच आहे, आणखी थोडी वर्षं बसेन. ती निवडून आली आणि ते दार उघडलं, तर माझ्या दोन शब्दांना कोण विचारतंय? तेव्हा माझ्याकडून तुझी अट मान्य. फक्त जे मी चर्चमध्ये बोलणार नाही, ते तू एकदा ऐकायचंस. तेवढी माझी अट.

राजधानीत समितीपुढे आपल्या हॉस्पिटलच्या मदतीचा ठराव आला, त्या दिवशी मी रजा टाकून आले होते. तुला कळवलं नव्हतं. म्हटलं, वर प्रेक्षकांत बसेन, तू बोलशील ते ऐकेन, मग खाली येऊन तुला चकित करेन. निळा ड्रेस घातला होता. त्यांनी नावं पुकारली. तुझं नाव पुकारलं. कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून पुन्हा पुकारलं. तुझी खुर्ची टेबलापासून जराशी मागे ओढलेली होती, जसा कुणी आत्ताच उठून गेलाय. ठराव पडला. तुझं मत असतं तर पडला नसता.

घरी आले तर तुझा फोन आधीच चर्चमध्ये आला होता. "लढलो, पण हरलो." लोकांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली. मीही हात जोडून उभी होते.

पुढच्या वर्षी लेम्युएलच्या छातीत कळ आली. तो मागच्या दारी मोटरबोटीचं इंजिन उघडून बसला होता. अॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. मी त्याला गाडीत घातलं आणि निघाले. आपल्या हॉस्पिटलच्या समोरूनच रस्ता जातो, तुला माहीत आहे. आम्ही त्या कुलपासमोरून गेलो. पुलावर पोचलो तर फाटक खाली. खालून एक शिडाची बोट चालली होती, पांढरीशुभ्र. वर माणसं बसली होती, त्यांनी आम्हाला हात केला. मी हॉर्न दाबून धरला तर लेम्युएल म्हणाला, "अगं, पूल काय हॉर्नने खाली येतोय? त्यांना जाऊ दे." मग तो बोटीकडेच बघत राहिला. पूल खाली आला, फाटक उघडलं, मागच्या गाड्या वाजायला लागल्या, आणि मी गाडी पुढे घेऊ शकले नाही, कारण आता घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एवढंच. ठरावाच्या दिवशी तू त्या खुर्चीवर असतास तर तो जगला असता, असं मी म्हणत नाही. ते देवाला ठाऊक. तू तिथे नव्हतास, एवढंच मला ठाऊक आहे. कुठे होतास, हे तू मला कधी सांगितलं नाहीस, आणि माझ्याकडे न बघण्याचं कारणही तेच असावं.

मार्गिटने तुला अजून उत्तर कळवलेलं नाही. विचार करते म्हणाली. विचार कसला करायचाय कोण जाणे. मी तर हो म्हणून मोकळी झाले.

टीन


हॅगूड
१९ फेब्रुवारी

दादा,

काल तू ऑल्डरिजचं नाव घेऊन, टाळ्या घेऊन, मागच्या दाराने गाडीत बसलास. त्यानंतर काय झालं ते तुला दहा जणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं असेल. माझ्याकडून ऐक.

आधी हे ऐक, की मार्गिटने तुला नकार दिला तो मला विचारून दिला नाही. कळल्यावर मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. म्हटलं, "मी गिळायला तयार होते ना? तुला काय झालं?" तिकडे पॅट्रिस तिच्याशी बोलेनाशी झालेली. दोन दिवस बाई नुसती भटकत होती धक्क्यावर. मार्गिट मला म्हणाली, "अर्नेस्टीन, तुझा मोठेपणा मला नको. एका हॉस्पिटलसाठी मी इथे आले. त्याच हॉस्पिटलबद्दल बोलणाऱ्या बाईचं तोंड बंद करून मी जिंकले, तर पुढच्या गावात कुठल्या तोंडाने उभी राहू?"

"हरशील."

"हरेन बहुतेक. आणि याच गोष्टीमुळे हरेन. मला माहीत आहे. आता ओरडणं झालं असेल तर चहा दे."

दिला. भरपूर साखर घालून दिला, आपल्याकडचा बर्फ घातलेला, तिचेही दात गोठतील इतका थंड.

तर काल. तू गेलास, पास्टरनी माझं नाव घेतलं. मी पुढे जाऊन उभी राहिले. लोकांच्या हातांत तुझी गुलाबी कार्डं, काही बायका त्यांनीच वारा घेत होत्या. मी लेम्युएलचं सांगितलं. पूल, फाटक, ती पांढरी बोट. हॉस्पिटल ज्या ठरावाने वाचलं असतं तो पडला, एवढंच म्हटलं आणि थांबले. तुझं नाव घेतलं नाही. घेणारही नव्हते.

पण मिस आर्डेलिया उठली. तिला उठायला वेळ लागतो, त्यामुळे तोवर सगळं चर्च तिच्याकडे वळून बघायला लागलं. म्हणाली, "टीन, ठराव पडला त्या दिवशी थॅडने काय केलं, ते तुला माहीत आहे का?"

वर्गात विचारायची ना, तसं विचारलं. खोटं बोलायची सोयच नाही.

मी म्हटलं, "माहीत आहे."

"मग सांग."

"नाही सांगणार, मिस आर्डेलिया. तो प्रश्न त्याला विचारा. मी त्याची बहीण आहे."

वारा घेणारी कार्डं थांबली. पास्टरनी घाईने भजन सुरू केलं, आणि मार्गिटने पुन्हा टाळीचा ठेका चुकवला. या खेपेला कुणी हसलं नाही.

तुला वाटेल, न सांगताच सांगितलंस. वाटू दे. मी कुणाचं तोंड बंद केलं नाही, आणि तुझंही करत नाहीये. मतदान शनिवारी आहे. मी सकाळपासून लोकांना बसने पोचवणार आहे. चर्चची बस, शाळेची नव्हे. उगाच तक्रार करू नकोस.

टीन


हॅगूड
२६ फेब्रुवारी

दादा,

राज्य ऑल्डरिजने खिशात घातलं. पडद्यावर मार्गिट इतकी मागे पडली की आकडे बघायचं मी सोडून दिलं. ज्या ज्या जिल्ह्यात तिथल्या आमदाराने, महापौराने ऑल्डरिजचा हात वर केला, त्या त्या जिल्ह्यात तो जिंकला. पाठिंब्याने काही होत नाही, असं जे टीव्हीवर सांगतात त्यांनी आमच्या राज्यात येऊन सांगावं.

एवढं खरं, की तुझा जिल्हा त्याच्या हाती लागला नाही. इथे ती दूधवाली आली. थोडक्यात का होईना, आली.

मी मिस आर्डेलियाला बसमधून उतरवलं तेव्हा तुझं कार्ड तिच्या हातात होतं. परत येताना विचारलं नाही, तीच म्हणाली, "घेऊन गेले होते आत. समोर ठेवलं. मग उलटं ठेवलं. या वयात स्वतःचं स्वतः ठरवायचं म्हणजे दमायला होतं गं."

आता तुझं-माझं. मतदानाच्या दिवशी दुपारी मी तुला बघितलं. मतदान केंद्रापासून जेवढं लांब उभं राहायचा नियम आहे, त्या रेषेबाहेर फुटपाथवर तू एकटाच कार्डं वाटत होतास. वारा नदीवरून थेट येत होता. ऑल्डरिजच्या मंडळींपैकी कुणी तुला साधी कॉफी आणून दिली नव्हती. लोक तुझ्याशी हात मिळवत होते, "कसं काय आमदारसाहेब" म्हणत होते, आणि कार्ड न घेता पुढे जात होते. मला वाटलं होतं की हे बघून मला बरं वाटेल.

म्हणून मी ताट घेऊन आले. लाल भात आणि तळलेला मासा. बोलायचं नव्हतंच मला. तू बसच्या पायरीवर बसून खाल्लंस, निम्मं संपलं तेव्हा खाली बघूनच म्हणालास, "टीन, मी त्या दिवशी जेवायला गेलो होतो."

मला आधी कळलंच नाही.

"पक्षाच्या मंडळींनी बोलावलं होतं. गव्हर्नरपदाचा आपला उमेदवार ठरत होता. ते म्हणाले, या ठरावावर आत्ता मत नको, निवडणुकीत अडचण होईल. तू ये जेवायला. मी गेलो."

"उमेदवार निवडून आला का?" मी विचारलं. मला माहीत होतं की आला नाही.

"नाही," म्हणालास. मग तू मासा खाली ठेवलास आणि तुझे खांदे हलायला लागले. मी तुझ्या हातातलं ताट काढून घेतलं, सांडलं असतं म्हणून. एवढंच केलं मी. जवळ घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं होतं, ते इथे लिहिते.

मला सांगितलंस ते बरं केलंस. पण तू तिथे नव्हतास हे मला माहीतच होतं, दादा. विचारलंय ते मिस आर्डेलियाने, भर चर्चमध्ये. तिथे उत्तर द्यायचं. किती दिवस घ्यायचे ते घे. मी घाई करणार नाही आणि सोडणारही नाही.

टीन


हॅगूड
१५ एप्रिल

दादा,

काल चर्चनंतर तुझ्याशी नीट बोलायला जमलं नाही, सगळ्यांनी घेरलं होतं. म्हणून लिहिते.

तू पुढे जाऊन ते सगळं जसंच्या तसं सांगितलंस. जेवणाचं, रिकाम्या खुर्चीचं, "लढलो, पण हरलो"चं. "परिस्थितीच तशी होती" असं कुठेतरी म्हणशील म्हणून मी दात आवळून बसले होते. म्हणाला नाहीस. बोलून झालं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही, आणि तेच बरोबर होतं. कुठे बसावं ते तुला कळेना. तुझी पहिल्या रांगेतली जागा डीकनने टोपी ठेवून धरली होती, पण तू तिकडे गेला नाहीस. मग मिस आर्डेलियाने शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि तू तिथे बसलास. तुझ्याकडे तिने बघितलं नाही. मी मात्र बघत होते.

आता बातम्या. मार्गिटने शर्यत सोडली, ते तू ऐकलंच असशील. फोनवर तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "ऑल्डरिज माझा पाठिंबा मागतोय. गंमत आहे ना?" आणि दादा, गंमत म्हणजे, माझाही मागतायत! राजधानीतून त्यांच्या माणसाचा फोन आला. "मिस अर्नेस्टीन, तुमच्या जिल्ह्यात तुमच्या शब्दाला वजन आहे असं ऐकतो." मी इतकी हसले की त्याला वाटलं फोन बिघडला.

पण हसून झाल्यावर मी आणि मार्गिटने ठरवलं. नोव्हेंबरात समोरच्या पक्षाचा निवडून आला तर ते दार कायमचं गेलं, हे आम्हा दोघींना कळतं. तेव्हा शब्द देऊ, पण फुकट नाही. मी त्या माणसाला सांगितलं, गव्हर्नरसाहेबांनी मे महिन्यात हॅगूडला यायचं, पार्किंगमध्ये उभं राहायचं आणि हे हॉस्पिटल उघडण्यासाठी काय करणार ते स्वतःच्या तोंडाने लोकांना सांगायचं. मग मिस आर्डेलिया त्यांना प्रश्न विचारेल. तिचं समाधान झालं तर माझा शब्द त्यांचा. तो म्हणाला, विचारून सांगतो. मी म्हटलं, सावकाश विचारा. काल सकाळी होकार आला.

काल त्या गर्दीत, चर्चच्या पार्किंगमध्ये तू मला विचारलंस, "टीन, आता माझ्या शब्दाला कोण विचारणार?" तेवढ्यात लोक मध्ये आले. उत्तर आज देते. आज कुणी विचारणार नाही. पहिल्यांदा तू तो कोर्टाच्या पायऱ्यांवर मिळवला होतास, कुठल्या जेवणावळीत नव्हे. पुन्हा तसाच मिळवायचा. धक्क्यापलीकडच्या वस्तीत कितीतरी लोकांची नावं मतदारयादीत नाहीत. नोव्हेंबरपर्यंत आपल्याला घर न् घर करायचंय. गुलाबी कार्डं आणू नकोस. तू सांगायचं नाहीस, फक्त विचारायचंस आणि ऐकायचंस. मी शिकवेन.

शनिवारी सकाळी ये. गुडघ्याला पट्टा बांधून ये, तिकडचे जिने वाईट आहेत. पहिल्या घरात म्हातारे जेरेमाया राहतात. ऐकू कमी येतं त्यांना, दार उघडायला फार वेळ लावतात. एकदा ठोठावायचं आणि थांबायचं. उघडेपर्यंत जायचं नाही.

तुझी,
टीन